परसबागेतील अनुभव आणि त्यांची देवघेव

घरामागच्या मोकळ्या जागेत, आडाच्या कडेला किंवा न्हाणीच्या पाण्याच्या ओघळावर चार भाज्या लावण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. कुंपणावर वालाचा वेल, मांडवावर दोडका, सांडपाण्यावर अळू व केळ, दाराशी शेवगा आणि एखाद्या वाफ्यात मिरची व कोथिंबीर, असे तिचे स्वरूप असते. या बागेचे ज्ञान बहुतांशी ग्रंथांतून आलेले नाही. सासूकडून सुनेला, जावेकडून जावेला आणि शेजारणीकडून शेजारणीला ते मिळत गेले. आजही नवा वाफा करणारी व्यक्ती कृषी कार्यालयाची पायरी चढण्यापूर्वी शेजारच्या परसात डोकावते. म्हणून परसबागेच्या प्रसाराचा विचार करताना बियाण्यांच्या पाकिटांइतकाच या अनुभवांच्या देवघेवीचा विचार होणे आवश्यक आहे. ती कशी चालते, कोठे फसते आणि अधिक उपयुक्त कशी करता येईल, हे शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांनी समजून घेतले पाहिजे.

परसबाग आणि कुटुंबाचे पोषण

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या आहारात दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या असाव्यात. यात बटाटे व तत्सम पिष्टमय कंद धरलेले नाहीत. पाच प्रौढ माणसांच्या घराला या हिशेबाने दिवसाला २ किलो आणि महिन्याला सुमारे ६० किलो फळे व भाज्या लागतील. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला एवढा भाजीपाला बाजारातून विकत आणणे परवडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, ही बाब या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे.

केवळ परसबागेने रक्तक्षय दूर होईल असे मानणे योग्य नाही. त्यासाठी औषधोपचार, जंतनिर्मूलन आणि एकूण आहार यांकडेही पाहावे लागते. तथापि शेवग्याचा पाला, राजगिरा, माठ, चुका, मेथी यांसारख्या पालेभाज्या दारातच उपलब्ध असल्या, तर त्या ताटात येण्याची शक्यता निश्चितच वाढते. पालेभाजीतील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जावे यासाठी जेवणात लिंबू किंवा आवळा असणे उपयुक्त ठरते. अशा रीतीने लिंबाचे एक झाड बागेतील पालेभाज्यांचे मोल वाढविते.

देवघेवीची परंपरा

शासकीय पातळीवर घरगुती भाजीपाल्याचा प्रसार नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली. पुढे १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय संस्थांच्या सहकार्याने उपयोजित पोषण कार्यक्रमातून शाळांच्या व गावांच्या भाजीपाला बागांना चालना मिळाली. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. अशा प्रत्येक प्रयत्नातून बियाणे व माहिती गावापर्यंत पोहोचते. परंतु बाग दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी टिकून राहते की नाही, हे अडचणीच्या वेळी विचारावयास जवळ कोणी आहे की नाही, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

महाराष्ट्रात अशा देवघेवीला पद्धतशीर रूप देण्याचा एक लक्षणीय प्रयत्न कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी केला. त्यांनी उभ्या केलेल्या ‘प्रयोग परिवारा’त शेतकऱ्यांनी स्वतःच्या बागेत प्रयोग करावा, मोजमाप ठेवावे आणि निष्कर्ष पत्रांतून व भेटींतून इतरांना कळवावा, अशी रीत होती. द्राक्ष बागायतदारांना तिचा विशेष लाभ झाला. पुढे शहरांतील गच्चीवरच्या बागांनाही त्यांच्या विचारांतून प्रेरणा मिळाली. या पद्धतीत शिकणारा आणि शिकविणारा असे दोन वर्ग उरत नाहीत. ज्याच्या वाफ्यात प्रयोग झाला, त्याचे म्हणणे इतरांनी ऐकावे आणि आपल्या वाफ्यात पडताळून पाहावे, हा तिचा गाभा होय.

अनुभव खरा, तरी सल्ला फसतो

शेजारच्या बागेतील उपाय आपल्याकडे लागू पडला नाही, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. अशा वेळी सल्ला देणाऱ्याने चुकीचे सांगितले असा समज होतो. बहुधा तसे नसते. अनुभव खराच असतो, परंतु तो ज्या परिस्थितीत आला ती परिस्थिती सांगावयाची राहून गेलेली असते. पुढील चार उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण चुलीतील राखेचे. लाकडाच्या राखेत पालाश व चुना असतो. कोकणातील जांभ्या दगडापासून बनलेली माती आम्लधर्मी असते. तेथे भाजीच्या आळ्यात बेताने राख घातल्यास मातीचा आंबटपणा कमी होतो आणि झाडाला पालाशही मिळतो. कोकणातील मावशीचा हा अनुभव शंभर टक्के खरा आहे. परंतु तोच सल्ला घेऊन देशावरील भाचीने चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत घमेलेभर राख ओतली, तर फायद्याऐवजी नुकसान होण्याचा संभव असतो. ही माती मुळातच अल्कधर्मी असते. अल्कता आणखी वाढल्यास झाडाला लोह मिळेनासे होते आणि कोवळी पाने, शिरा हिरव्या राहून, पिवळी पडू लागतात. तेथे राखेपेक्षा कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत अधिक हिताचे असते.

दुसरे उदाहरण पाण्याचे. ‘मिरचीला रोज पाणी द्यावे’ असे एका घरी सांगतात, तर दुसऱ्या घरी ‘रोज पाणी दिले की मिरची मरते’ असे सांगतात. दोन्ही घरांचे म्हणणे आपापल्या ठिकाणी बरोबर असू शकते. मुरमाड किंवा जांभ्या मातीतून पाणी लवकर झिरपून जाते, तेथे थोडे थोडे पण वारंवार पाणी लागते. काळी माती पाणी धरून ठेवते. तिला रोज पाणी दिल्यास मुळांना हवा मिळत नाही, मुळे कुजतात आणि रोप उभे सुकते. रोप सुकलेले पाहून आणखी पाणी घालण्याची चूक मग हमखास होते. यावर सोपा उपाय असा की, बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागल्यास पाणी देऊ नये. ‘किती दिवसांनी’ या प्रश्नापेक्षा ‘किती ओल असताना’ हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे, कारण त्याचे उत्तर प्रत्येकाला आपल्या मातीतच सापडते.

तिसरे उदाहरण वेलवर्गीय भाज्यांचे. लाल भोपळा, काकडी, कारले, दुधी, दोडका यांच्या वेलावर नर फुले व मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते. मधमाश्या किंवा अन्य कीटक कमी असतील तर परागकण पोहोचत नाहीत आणि हे फळ पिवळे पडून गळते. अशा वेळी नर फूल खुडून त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावे, असे जाणत्या स्त्रिया सांगतात. ‘हे काम सकाळी लवकर करावे’ ही त्यांची सूचना लाल भोपळा, काकडी व कारले यांना लागू पडते. दुधी व दोडका यांची फुले मात्र सायंकाळी उमलतात. सकाळी त्यांच्यावर केलेला खटाटोप बहुधा वाया जातो. त्यांच्यासाठी दिवेलागणीची वेळ योग्य होय. एका वेलाचा अनुभव दुसऱ्या वेलाला लावताना त्याच्या फुलण्याची वेळ प्रत्यक्ष पाहिली पाहिजे.

चौथे उदाहरण हंगामाचे. फ्लॉवरच्या हळव्या व गरव्या अशा निरनिराळ्या जाती असतात. लवकर येणाऱ्या जातीचे बी उशिरा पेरल्यास झाड पुरते वाढण्यापूर्वीच सुपारीएवढा गड्डा धरते. उलट गरव्या जातीला पुरेशी थंडी मिळेपर्यंत नुसती पानेच वाढत राहतात. ‘माझ्याकडे या बियाण्याला गड्डे आले नाहीत’ एवढ्या विधानाला म्हणून फारसा अर्थ नाही. जात कोणती आणि बी कोणत्या पंधरवड्यात पेरले, हे सांगितल्यावरच त्यातून शिकता येते.

या उदाहरणांवरून एक सर्वसाधारण नियम काढता येतो. जो अनुभव बीजाच्या किंवा वनस्पतीच्या स्वभावातून आलेला असतो, तो गावोगाव चालतो, मात्र दुसऱ्या वनस्पतीला तो सरसकट लावता येत नाही. धने हलकेच रगडून दोन पाकळ्या वेगळ्या करून पेरावेत, हा सल्ला रत्नागिरीत चालतो आणि नागपुरातही चालतो. जो अनुभव माती, पाणी व हवामान यांतून आलेला असतो, तो मात्र दुसऱ्या गावी लहान प्रमाणावर तपासूनच स्वीकारावा. महाराष्ट्रात अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाचे कोकण आहे आणि पाचशे-सहाशे मिलिमीटरवर भागविणारे अवर्षणप्रवण तालुकेही आहेत. एकाच राज्यात एवढा फरक असताना एकच सल्ला सर्वत्र चालावा, ही अपेक्षा योग्य नव्हे.

बियाण्याची देवघेव

अनुभवाबरोबर बियाण्याचीही देवघेव होते. माहेराहून येताना पदरात चार बिया बांधून आणण्याची चाल अनेक भागांत होती. अशाच हातांनी वाल, घेवडा, वांगी, भोपळा यांचे असंख्य स्थानिक वाण टिकून राहिले. बाजारातील बियाण्यांचा वापर वाढला तसे हे वाण मागे पडले. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी आपल्या भागातील असे वाण जमवून, जतन करून इतरांना दिले. ‘बायफ’ संस्थेचे सहकार्य लाभलेल्या त्यांच्या या कार्याचा गौरव २०२० मध्ये पद्मश्री जाहीर होऊन झाला. औपचारिक शिक्षण नसलेल्या एका आदिवासी महिलेने परसातील ज्ञानाला मिळवून दिलेली ही प्रतिष्ठा होय.

बियाणे देताना व घेताना काही गोष्टी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. संकरित बियाण्यापासून आलेल्या फळातील बी पुन्हा पेरल्यास पुढच्या पिढीत झाडे एकसारखी निघत नाहीत. म्हणून बी देताना ते संकरित पिकातील की सरळ वाणाचे, हे सांगितलेच पाहिजे. मेथी, चवळी, घेवडा, टोमॅटो यांत बहुतांशी स्वपरागीभवन होते, त्यामुळे त्यांचे बी घरी धरणे सोपे जाते. वेलवर्गीय भाज्या, मुळा, पालक यांत परपरागीभवन होते. आपल्या दुधीचा वाण शुद्ध राहावा असे वाटत असेल, तर उमलण्याच्या बेतातील नर व मादी फुले दुपारीच दोऱ्याने सैल बांधून ठेवावीत, सायंकाळी हाताने परागीभवन करून मादी फूल पुन्हा बांधावे आणि त्या फळाला खूण करावी.

बियाण्यासाठी उत्तम झाडावरील, निरोगी व पूर्ण पक्व फळ राखून ठेवावे. उरलेसुरले, किडके फळ बियाण्याला ठेवण्याची सवय हानिकारक आहे. टोमॅटोचा बियांसह गर एक-दोन दिवस आंबवून, मग बी धुऊन सावलीत वाळवावे. बी नीट वाळले आहे याची खात्री झाल्यावरच कोरड्या, झाकणाच्या भांड्यात राखेबरोबर किंवा वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याबरोबर ठेवावे. प्रत्येक पुडीवर वाणाचे नाव, गाव व वर्ष लिहावे.

अशा देवघेवीला कायद्याचेही संरक्षण आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे जतन करण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा व विकण्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचे बियाणे छापील नाममुद्रा लावून विकण्यास मात्र या हक्कातून मुभा नाही. गावाने जतन केलेल्या वाणाची नोंदणी करण्याची तरतूदही या अधिनियमात आहे. ग्रामपंचायतींनी याची माहिती करून घ्यावी.

कीड, रोग आणि सावधगिरी

कीड पडली की सल्ल्यांचा पाऊस पडतो. यात निरुपद्रवी सल्ले असतात, तसे धोकादायकही असतात. कापसावर फवारून उरलेले औषध परसातील वांग्यावर मारणे, हा त्यांपैकी सर्वांत घातक प्रकार होय. कीटकनाशकाच्या वेष्टनावर ते कोणत्या पिकासाठी आहे, हे दिलेले असते. फवारणीनंतर किती दिवस फळ तोडू नये, याच्याही सूचना असतात. वेष्टनावरील त्रिकोणाचा रंग विषारीपणा दर्शवितो. लाल सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व हिरवा असा हा क्रम आहे. परसातील भाजी त्याच दिवशी घरातील मुलांच्या ताटात जाते, हे ध्यानात घेता शेतातील औषध परसात आणूच नये.

५ टक्के निंबोळी अर्क हा घरी करता येण्याजोगा उपाय आहे. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून त्यांची भुकटी थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी फडक्याने गाळून, किंचित साबणाचे पाणी मिसळून, एकूण द्रावण १ लिटर करावे आणि सायंकाळी फवारावे. मावा, पांढरी माशी व लहान अळ्या यांवर त्याचा उपयोग होतो. फळात शिरलेल्या अळीवर मात्र तो चालत नाही. ते फळ तोडून नष्ट करणे हाच मार्ग होय. भेंडीची पाने पिवळी होऊन शिरा ठळक दिसू लागल्यास तो पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणुजन्य रोग असतो. असे झाड वाचविण्याच्या नादी न लागता ते सुरुवातीलाच उपटून टाकावे. ‘फवारणी केली तरी गुण आला नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा रोग एक आणि उपाय दुसऱ्याचा, असा प्रकार असतो.

अनुभव कसा सांगावा, कसा ऐकावा

अनुभव सांगणाऱ्याने पुढील सहा गोष्टी सांगितल्या, तर त्याचा सल्ला दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

१. भाजी व तिचा वाण कोणता, बी कोठून आणले.
२. माती कशी आहे : काळी, तांबडी, जांभी, मुरमाड की कुंडीतील.
३. पेरणी किंवा लावणी कोणत्या महिन्यात, कोणत्या पंधरवड्यात केली.
४. पाणी कोठले, किती व केव्हा दिले, जागेवर ऊन किती वेळ असते.
५. नेमका कोणता उपाय केला आणि किती प्रमाणात.
६. काय घडले, आणि उपाय न केलेल्या झाडांचे काय झाले.

यांतील सहावा मुद्दा सर्वाधिक महत्त्वाचा असून तोच बहुधा सुटतो. दहापैकी दहाही झाडांना उपाय केला आणि झाडे सुधारली, तर ती उपायाने सुधारली की पाऊस उघडल्याने, हे सांगता येत नाही. म्हणून नवीन उपाय करताना पाच झाडांना तो करावा आणि पाच झाडे तशीच ठेवावीत. दोन्हींची तोडणी वेगवेगळी मोजावी. घरातील साधा तराजू व एक वही एवढी सामग्री यास पुरेशी आहे. फसलेला प्रयोगही वहीत लिहावा. एका घरी फसलेला उपाय दहा घरांना कळला, तर दहा घरांचे श्रम वाचतात.

शाळा आणि पंचायत यांचे कार्य

हे काम उभे करण्यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. शाळेच्या बागेत दोन वाफे शेजारी शेजारी करून, गावात प्रचलित असलेला एकेक सल्ला विद्यार्थ्यांकडून तपासून घेता येईल. वजन करणे, सरासरी काढणे, तक्ता भरणे हा गणिताचा पाठ यातून सहज साधतो आणि निरीक्षणाची सवय लागते. विद्यार्थ्यांनी आपल्या आजीला विचारून घरच्या भाज्यांचे जुने वाण नोंदविले, तर गावाची वाणसूची तयार होते.

ग्रामपंचायतीने मृगाच्या सुमारास व दसऱ्यानंतर, असे वर्षातून दोन वेळा बियाणे-देवघेवीचे मेळावे घ्यावेत. स्वयंसहायता गट, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व भूमिहीन कुटुंबे यांना आवर्जून बोलवावे. ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांच्यासाठी गोणपाट, फुटके माठ व डबे यांत करावयाच्या लागवडीचे प्रात्यक्षिक ठेवावे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ मध्ये स्वयंपाकघरातील ओला कचरा कुजवून बाग उभी राहिली. जमीन नसली तरी बाग होऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे. मेळाव्यात ज्या प्रश्नांची उत्तरे गावात मिळत नाहीत, ते नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांकडे पाठवावेत. तज्ज्ञांकडे प्रश्न माती, हंगाम व वाण यांच्या तपशिलासह गेला, तर उत्तरही नेमके येते.

अधिकाऱ्यांनी या मेळाव्यांत भाषणे कमी करावीत आणि ऐकणे अधिक करावे, हे उचित ठरेल. ज्या स्त्रीने तीस वर्षे वालाचा एकच वाण राखला, तिच्याजवळ त्या गावच्या मातीविषयी असलेली माहिती कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाही. ती लिहून घेतली नाही, तर तिच्याबरोबरच जाईल. येत्या मृगापूर्वी प्रत्येक शाळेत अशी एक नोंदवही आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत बियाण्यांची एक पेटी सुरू झाली, तर परसबागेचा कार्यक्रम एका हंगामापुरता न उरता गावाच्या मालकीचा होईल.